दत्ताच्या नावापुढचा शेरा

१३ फेब्रुवारी १९८१, शुक्रवार

आज पोरं वाटून घेतली. बाब अल बहरीनच्या मागे कापडाच्या दुकानावरची खोली, चार कंपन्यांची चार माणसं, मधे चहाचे ग्लास आणि एजंटने मुंबईहून पाठवलेली बारा नावांची यादी. पद्धत नेहमीचीच. गेल्या क्रिकेट मोसमात जो तळाला राहिला त्याने पहिलं नाव उचलायचं, चॅम्पियनने शेवटी, मग पुन्हा फेरी. आपण तळाला होतो, म्हणून पहिला मान आपला. नाक कापून घेतल्याचा एवढाच फायदा.

मी यादी उघडलीसुद्धा नाही. म्हटलं, दत्ताराम, रत्नागिरीचा, फास्ट बोलर. बाकीचे तिघे नाव शोधत बसले. एजंटचं अक्षर किरटं, त्यात याच्यापुढे फक्त ‘टेनिस बॉल’ लिहिलेलं. हसले लेकाचे. हसू देत. जानेवारीत रजेवर गेलो तेव्हा मी त्याला मैदानावर अनवाणी धावत येताना पाहिलंय. बॉल सोडताना त्याचं डोकं हलत नाही. हे शिकवता येत नाही.

दुसऱ्या फेरीत शिरीष (बॅट्समन, पुण्याचा, बी.कॉम.), तिसऱ्यात इक्बाल (कीपर). घरी येऊन सौ. ला सांगितलं. ती म्हणाली, “मुलं निवडली की मेंढरं?” तिला काय कळतंय.

२० मार्च, शुक्रवार

तिघेही आले. व्हिसावर ‘हेल्पर’. आठवडाभर काम, शुक्रवारी क्रिकेट. सनद गावाच्या पुढचं मैदान बघून शिरीषचा चेहरा उतरला. गवताचं पातं नाही, सगळी वाळू, मधे सिमेंटची पट्टी आणि तिच्यावर खिळे ठोकून ताणलेली काथ्याची मॅट. दत्ता मात्र वाकला, मॅटवर हात फिरवला आणि म्हणाला, “साहेब, हिच्यावर बॉल उडंल.” बरोबर आहे. उडतो.

वहीत नेहमीसारखे पाच रकाने पाडले. पाय, खांदा, नजर, डोकं, दम. दहापैकी गुण.
दत्ता: ८, ९, ७, ६, दम बघायचा आहे.
शिरीष: ६, ६, ८, ८, ६.
इक्बाल: ७, ६, ८, ५, ७.

कोणाला खांद्यात नऊ दिल्याला सात वर्षं झाली असतील.

१० एप्रिल, शुक्रवार

प्रॅक्टिस मॅच. दत्ताने पहिल्या चार ओव्हरमध्ये तिघांना घालवलं. एका गोऱ्या इंजिनिअरच्या हेल्मेटशिवायच्या कानाजवळून बॉल गेला तेव्हा तो पॅव्हेलियनकडे (म्हणजे आपल्या ताडपत्रीकडे) बघून हसला, पण पुढच्या बॉलला लेग स्टंपच्या बाहेर सरकून उभा राहिला. आमचे जनरल मॅनेजर हॅरिसन साहेब खुर्चीतून उठून टाळ्या वाजवत होते. मला म्हणाले, कुठून आणलास हा? मी म्हटलं, नजर लागते साहेब. मराठीतच म्हटलं. कळलं नाही त्यांना.

दत्ताला घरी जेवायला आणलं. सौ. ने सोलकढी केली होती. पाच वाट्या प्यायला. तिला ‘काकी’ म्हणतो, मला ‘साहेब’च. वडील नाहीत, आई आणि धाकटी बहीण. आमच्या छोट्या मेधाशी खेळत होता. ती इंग्रजीत बोलते, हा कोकणातलं, दोघांचं छान जमतं.

खूप दिवसांनी बरं वाटलं.

२२ एप्रिल, बुधवार

आज संकष्टी. खिचडी चांगली झाली होती, पित्त मात्र झालंच. दिनदर्शिकेवर चंद्रोदयाची वेळ मुंबईची, त्यामुळे दर महिन्याचा वाद: तिथली वेळ धरायची की गच्चीवर जाऊन इथला चंद्र बघायचा. सौ. गच्चीवर जाते. मी चहा पीत बसतो. मला कुठला एवढा कडक उपवास.

संध्याकाळी नेटला दत्ता अगदी ढेपाळला. तिसऱ्याच ओव्हरला धाप. विचारलं तर “काय नाय साहेब.” बाकी दोघे पाण्याच्या पिंपाला चिकटलेले, हा लांब उभा. फुगलाय की काय परवाच्या टाळ्यांनी? दमाच्या रकान्यात प्रॅक्टिस मॅचनंतर सहा लिहिले होते, खोडून पाच केले. पुढे प्रश्नचिन्ह.

१५ मे, शुक्रवार

ह. साहेबांनी बोलावून सांगितलं. तिघांचे प्रोबेशनचे तीन महिने जूनमध्ये संपतात, त्याआधी रिपोर्ट हवा. पुढच्या शुक्रवारी शेवटची ट्रायल. ए, बी, सी. या वर्षी सावलीतली जागा एकच आहे, माझ्या हाताखाली स्टोअरमध्ये. ती ए वाल्याला. बी म्हणजे वर्कशॉप. सी म्हणजे टीममधून बाहेर आणि जेटीच्या साइटवर, मजुरांत.

“तू लिहिशील तेच फायनल,” म्हणाले. “मला लांबलचक नको. एक ओळ.”

मला यात वावगं वाटण्यासारखं काही नव्हतं. ए कोणाचा हे माझ्या मनात ठरलेलंच होतं. तरी ट्रायल घ्यायची ती नीट घ्यायची. माझ्या बाबतीत पुण्याच्या ट्रायलला कोणीतरी अशीच एक ओळ लिहिली होती, विसाव्या वर्षी, टायफॉइडमधून उठून गेलो होतो त्या दिवशी. ती ओळ मला कधी दाखवली नाही. त्या माणसासारखं आपण करायचं नाही, एवढं ठरवून मी ही वही चालवतो.

२२ मे, शुक्रवार

फार वाईट दिवस. राग अजून गेला नाही.

सकाळी साडेसातलाच ऊन पेटलेलं. संकष्टी असल्यामुळे खिचडी खाऊनच निघालो, दहाला थर्मासमधला चहा, दुपारी लिंबू सरबत, नाहीतर अशा उन्हात माणूस उभा राहू शकत नाही. शिरीषने सत्तरच्या वर केले. सुंदर नाही, पण शहाणपणाने. इक्बालने दोन स्टंपिंग केली.

दत्ता! पहिल्या दोन ओव्हर बऱ्या. नंतर वाइड, वाइड, फुलटॉस. रन-अप निम्म्यावर आला. स्लिपमध्ये पोरासोरानेही घेतला असता असा कॅच छातीवर आपटून खाली. आपला ड्रायव्हर सावंत तीन वेळा सगळ्यांसाठी पाणी घेऊन आत गेला, तिन्ही वेळा याने मान हलवली. मी स्वतः गेलो. म्हटलं, “अरे पाणी पी.”

“नको साहेब. बरा हाय मी.”

“बरा आहेस तर टाक की नीट!”

वळून रन-अप मोजायला लागला. ओठ पांढरे. जेवणानंतर पुन्हा बॉल दिला तर चार बॉल टाकून मॅटवरच बसला. सगळ्यांसमोर. ह. साहेब माझ्याकडे बघत होते, मैदानाकडे नाही. माझा पहिला नंबर, सगळ्या गावाला सांगितलेला.

ज्याला पाणी पी म्हटलेलं कळत नाही त्याला फील्डिंग काय सांगणार. मिजास आहे, दुसरं काही नाही. दम: २.

चंद्र अजून वर यायचाय. सौ. मोदकांचं सारण परतते आहे. भूक मेली माझी.

२४ मे, रविवार

रिपोर्ट दिला. शिरीष ए. इक्बाल बी. दत्ताच्या नावापुढे: सी. नो स्टॅमिना. रिफ्यूजेस इन्स्ट्रक्शन्स.

टाइप करून सही करताना हात थांबला होता, हे इथे लिहून ठेवतो. आणखी एक शुक्रवार मागता आला असता. पण मग म्हणाले असते, स्वतःचा माणूस म्हणून घोळ घालतोय. मला ते ऐकून घ्यायचं नव्हतं.

३० मे, शनिवार

आज सकाळी दत्ता स्टोअरच्या दारात. जेटीवर हजर व्हायचा कागद हातात. वाचता येत नाही असं नाही, पण मला म्हणाला, “साहेब, काय लिवलंय हो? काय चूक झाली असंल नं?”

मी खुर्चीतून उठलो नाही. म्हटलं, तात्पुरतं आहे. वरून यादी फिरली. मोसम सुरू व्हायच्या आधी बघू.

“तुमी ए दिली नं मला?”

मान हलवली. हो असंच दिसलं असणार. त्याचा चेहरा एवढा उजळला की मी लगेच रजिस्टरमध्ये डोकं घातलं. “मग तात्पुरतंच हाय,” म्हणाला, आणि पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले.

सौ. ने विचारलं, दत्ताला काय मिळालं? म्हटलं, यादी साहेबांनी केली.

एका दिवसात दोघांना थापा. सहज जमल्या.

१२ जून, शुक्रवार

माल पोचवायला सावंतबरोबर जेटीवर गेलो. लोखंडाच्या प्लेटवर पाय ठेववत नाही. दत्ता सळया वाहत होता. डोक्याला फडकं, खांदा सोलवटलेला, तोच खांदा. लांबून हात केला. मीही केला.

शिरीष स्टोअरमध्ये काम नीट करतो. बोलतो जास्त. गोडाऊनमधल्या पंख्याखाली बसून मला फील्डिंग लावायला शिकवतो. ऐकून घेतो.

२१ जून, रविवार

आज संकष्टी. दुपारी अडीचला लिहितो आहे, स्टोअरमध्येच.

दीडच्या सुमाराला सावंत धावत आला. “साहेबानू, दत्ता पडलो! उन्हात पडलो, डोळे फिरवल्यान.” त्याच्याच गाडीतून सलमानिया हॉस्पिटलला नेलंय. अंग तापलेलं, घाम नाही, काहीतरी बडबडत होता म्हणे. मी म्हटलं, एवढं पाणी पिंपं भरून ठेवतो आपण साइटवर, पीत का नाहीत ही माणसं?

सावंत म्हणाला, “आज संकष्टी नाय काय? नवसाची आसा तेची. सकाळपासून चंद्र दिसासर पाण्याचो थेंब नाय. नोकरी पक्की होयसर.”

“मला कोणी सांगितलं नाही.”

“तो सांगूचो नाय. नवस बोलान दाखवत नाय. मी खोलीत एकत्र रवतंय म्हणान माका म्हायत.” मग म्हणाला: “ट्रायलीच्या दिवशी पण होती मा. माका वाटलां तुमका म्हायत आसतला. तुमची सुद्धा होती.”

माझी सुद्धा होती.

तोच दिवस, संध्याकाळ

हॉस्पिटलमधून आलो. आत सोडलं नाही. बर्फात ठेवलंय.

ही वही मागे उलटली. २२ एप्रिल: आज संकष्टी. त्याच पानावर, दत्ता ढेपाळला, पाण्यापासून लांब उभा. २२ मे: संकष्टी असल्यामुळे खिचडी खाऊनच निघालो. त्याच पानावर, तीन वेळा पाणी नाकारलं, ओठ पांढरे, मिजास आहे. माझंच अक्षर. चार बोटांच्या अंतरावर दोन्ही गोष्टी लिहिल्या आणि एकदाही एकीवरून दुसरीवर नजर गेली नाही. दिवसभर खात-पीत होतो ना मी. माझ्या उपवासात तहान नसते, म्हणून त्याच्याही नसणार.

नजर लागते म्हणे.

२७ जून, शनिवार

किडन्या गेल्यात जमा होत्या, आता थोड्या चालू झाल्यात असं वॉर्डातल्या मल्याळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दोनदा मशीनवर घेतलं. दत्ता अजून गुंगीत.

सकाळी ह. साहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं: उपवास, नवस, चंद्र. रिपोर्ट चुकीचा आहे, मी नवीन लिहून आणलाय. त्यांनी नीट ऐकून घेतलं, हे कबूल करायला हवं. मग म्हणाले, “म्हणजे त्याने पाणी नाकारलं. कोणाला न सांगता. तू लिहिलंस तसंच आहे की.” मी म्हटलं, नाही साहेब, तसं नाही. “मग कसं?” इंग्रजीत सांगता येईना. मराठीत तरी आलं असतं का?

आणि तसंही आता तो मेडिकली अनफिट. ए असो की सी, जागा कुठलीच नाही. नवीन कागद त्यांनी परत दिला. चिडून नाही, शांतपणे. तो माझ्या खणात आहे.

४ जुलै, शनिवार

रमजान सुरू झाला. कामाचे तास कमी, साइट दुपारच्या आत बंद. कालपर्यंत पाण्याचा पिंप जिथे असायचा तिथे इक्बाल भिंतीला टेकून सावलीत बसला होता, कोणी त्याला उठ म्हणालं नाही. योग्यच आहे. त्यांचा उपवास सगळ्या गावाला ठाऊक असतो. दत्ताचा उपवास ठाऊक असायला हवा असा या बेटावर सावंत सोडून एकच माणूस होता.

दुपारी सलमानियात. दत्ता उठून बसला होता. मनगटं मेधाच्या मनगटांएवढी. मी म्हटलं, अरे वेड्या, सांगायचंस तरी. तर लाजून म्हणाला, “नवस बोलला की जातो, साहेब.” मग आवाज खाली करून: “माजी जागा हाय नं अजून?”

बाजूच्या खाटेवरचा माणूस खोकत होता. मी खोकला थांबेपर्यंत वाट बघितली आणि म्हटलं, आधी बरा हो.

११ जुलै, शनिवार

डिस्चार्ज. कॅम्पवर दिवसा खानावळ बंद, त्याला कोण पाणी विचारणार, म्हणून सौ. म्हणाली घरीच आणा. आणला. डॉक्टरीणबाईंनी तिला बजावून सांगितलंय: दर तासाला पाणी, तहान असो नसो. उन्हातलं काम यापुढे नाही. पुन्हा एकदा असं कोरडं पडलं तर किडन्या परत यायच्या नाहीत.

सौ. ने कागद करून फ्रिजला लावलाय, तासांचा. मेधा खुणा करते. त्याला बजावते, “ड्रिंक, ड्रिंक,” आणि तो मुकाट्याने पितो. चेहऱ्यावर थोडं पाणी आलंय.

संध्याकाळी हॉलमध्ये बसल्या बसल्या माझा जुना बॉल हातात घेऊन बोटं बसवत होता, शिवणीवर दोन, खाली अंगठा. मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. सौ. ने विचारलं, काय हवंय? म्हटलं, काही नाही. डोळे भरून आले होते, लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय.

१६ जुलै, गुरुवार

पर्सोनेलमधून पाकीट आलं. दत्ताचा व्हिसा कॅन्सल. तिकीट २३ तारखेचं, गुरुवार. ह. साहेब म्हणाले, तू दे, तुझ्याच घरी आहे.

पाकीट शर्टाच्या खिशात घालून घरी आलो. दत्ता बटाटे सोलत होता. म्हणाला, “साहेब, सोमवारपासून कॅम्पवर जाऊ का? कामावर जरा दिसलेलं बरं.” मी म्हटलं, बघू. शर्ट काढून खुंटीला लावला. पाकीट त्यातच.

१८ जुलै, शनिवार

सांगितलं नाही. काल पण नाही.

त्याच्या आईचं पत्र आलं, सावंतच्या हातून. दत्ताने मोठ्याने वाचून दाखवलं. गणपतीने वाचवलं, आता नवसात खंड पाडू नको, साहेबांच्या शब्दाबाहेर जाऊ नको. सौ. माझ्याकडे कौतुकाने बघत होती.

२० जुलै, सोमवार

संध्याकाळचे सहा. रमजानमुळे दोनलाच घरी आलो. दार उघडताच सौ. म्हणाली, “बघा हो याचं. सकाळपासून एक घोट नाही.”

आज संकष्टी. महिनाभर या दिवसाची धास्ती होती आणि सकाळी विसरून चहा पिऊन कामावर गेलो.

फ्रिजवरच्या कागदावर सकाळी सातपासून एकही खूण नाही. चार तास विनवण्या झाल्या. सौ. म्हणाली, आजाऱ्याला उपवास नसतो रे, देव रागावत नाही. तो म्हणतो, “देवाचं नाय काकी, आयला शब्द दिलाय. नोकरी पक्की झाली की त्याच मिनटाला पितो. आता थोडंच ऱ्हायलंय.” डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, जबरदस्तीने पाजा, नाहीतर आत्ता घेऊन या. तो यायला तयार नाही. ओठ पुन्हा तसेच, मॅटवर बसला होता त्या दिवशीसारखे. या वेळी मी बघितले. चंद्र यायला अजून साडेतीन तास आहेत.

मघाशी सौ. ने मला आत ओढून नेलं. “अहो, सांगा ना त्याला, झाली नोकरी पक्की म्हणून. तुमचा शब्द तो मानतो. पिईल तरी! पुढचं पुढे बघू.”

तिला पाकिटाचं ठाऊक नाही. सी चं ठाऊक नाही. मी म्हटलं, पाच मिनिटं दे, आणि इथे येऊन दार लोटलं. आणि पाच मिनिटांत काय करतोय, तर वही लिहितोय.

पक्की झाली म्हटलं तर पिईल. हसेल, पाया पडेल, आईला पत्र लिहायला बसेल. गुरुवारी विमान. खरं सांगितलं तर नवसाला अर्थच उरत नाही, मग कदाचित पिईल. कदाचित मुळीच पिणार नाही, माझ्या हातून तर नाहीच. त्याच्या नावापुढे मी काय लिहिलंय ते त्याने निदान ऐकायला हवं, असं वाटतं. मला कोणी ऐकवलं नव्हतं. पण हे त्याच्यासाठी वाटतंय की माझ्यासाठी, ते या घडीला सांगता येत नाही. आणि पाणी आत्ता हवंय.

खिशातलं पाकीट काढून टेबलावर ठेवलंय. शेजारी २२ मेचं पान, वहीतून फाडलेलं. तांब्या भरलेला आहे.

मेधा दार ढकलून आली. “बाबा, ही इज कॉलिंग यू. ही वॉन्ट्स टु आस्क, कन्फर्म झालं का.”

उठतो.